कॅथलिक, प्रॉटेस्टंट आणि आमच्या अब्बांचा जनाजा

वाशीच्या एपीएमसी फळ मार्केटमध्ये माणसाला नावापेक्षा गावानं जास्त ओळखतात. देवगडवाले, जुन्नरवाले, सांगोलेवाले. आमच्या गाळ्यावर नेहमी येणाऱ्यांत एक आहेत नगरचे मामा आणि दुसरे वसईचे अंकल. मामा राहात्याकडचा पेरू आणि डाळिंब स्वतःच्या टेम्पोतून घेऊन येतात. अंकल वसईतल्या आपल्या दुकानासाठी आठवड्यातून तीनदा माल उचलतात. मी गाळ्यावर हिशेब लिहितो. माझे अब्बाही हेच करत. आधी क्रॉफर्ड मार्केटमध्ये, आणि 1996 साली फळबाजार वाशीला आला तेव्हापासून इथे. आम्ही बागवान. फळांशी आमचं नातं पिढ्यांचं आहे.

मामा आणि अंकल दोघेही ख्रिस्ती आहेत, एवढंच मला बरीच वर्षं माहीत होतं. तीन वर्षांपूर्वी डिसेंबरमधली गोष्ट. पहाटे पाचची वेळ, रात्री आलेल्या गाड्या खाली होत होत्या, माथाडी कामगारांची धावपळ चालली होती. अंकल चहा पीत उभे होते. मी सहज म्हणालो, "मामा पण आज आलेत. तुमच्यातलेच ना? नाताळच्या शुभेच्छा दोघांना एकदमच देऊन टाकतो."

अंकल हसले. म्हणाले, "द्या की. पण भाई, ते आमच्यातले नाहीत. ते प्रॉटेस्टंट. त्यांचं वेगळं असतं."

त्या "वेगळं असतं"मध्ये राग नव्हता. तुच्छता म्हणावी तर तीही नव्हती. दार हळूच लावून घ्यावं तसा तो आवाज होता. मी तो लगेच ओळखला, कारण त्याच आवाजात माझे अब्बा माझ्या चाचांबद्दल बोलायचे. "नमाजी आहे, चांगला आहे. पण त्यांचं वेगळं असतं."

त्या दिवसापासून मी दोघांना विचारत गेलो. हातात काम असताना, चहाच्या वेळी, माल विकून झाल्यावर. आंब्याच्या मोसमात आमच्याकडे अजूनही काही व्यवहार रुमालाखाली बोटं धरून होतात. बोली काय झाली ते फक्त त्या दोन हातांना कळतं. एकमेकांच्या श्रद्धेबद्दल माणसं अशीच बोलतात, असं मला दिसलं. समोर वेगळं आणि रुमालाखाली वेगळं.

मामांचं म्हणणं असं. "अहो भाई, ते मूर्तीपुढं मेणबत्त्या लावतात. मरियेला हात जोडतात, संतांना नवस बोलतात. मंग देवाला काय राहिलं? बायबल घरात असतं, पण वाचतो फादर. पाप केलं तर ते सांगायचं पण फादरला. आमचं तसं नाही. माझी आजी अंगठाबहाद्दर होती, मिशनच्या बाईनं तिला वाचायला शिकवलं ते बायबल वाचता यावं म्हणून. देव आणि मी, मध्ये कोणी नाही."

अंकलचं म्हणणं असं. "ते पाचशे वर्षांपूर्वी घर सोडून गेले. घर सोडलं की काय होतं? आधी एकाचे दोन, मग दोनाचे वीस. आज कोणीही उठतो, पत्र्याची शेड टाकतो, पास्टर होतो. आम्ही मरियेची पूजा करत नाही, तिला आमच्यासाठी प्रार्थना कर म्हणतो. तुम्ही आपल्या आईला सांगता ना, माझ्यासाठी दुआ कर म्हणून? आणि ख्रिस्ताचं शरीर! त्यांच्याकडे ती नुसती भाकर असते."

मी एकाचं दुसऱ्याला सांगितलं नाही. बाजारात दलालाला ही सवय लागते.

दोघांचं ऐकून घरी गेल्यावर मी वाचायला बसलो. पहिली गोष्ट लक्षात आली ती ही की महाराष्ट्रात ही दोन माणसं दोन वेगवेगळ्या दारांनी ख्रिस्ती झालेल्या घरांतली आहेत, आणि त्या दोन दारांमध्ये जवळजवळ तीनशे वर्षांचं अंतर आहे. वसई 1534 साली पोर्तुगीजांकडे गेली. त्यांच्याबरोबर फ्रान्सिस्कन आणि जेझुइट धर्मगुरू आले. चिमाजी आप्पांनी 1739 साली वसई जिंकली, पोर्तुगीज गेले, पण गावं कॅथलिकच राहिली. शेती करणारी, फुलं-केळी पिकवणारी, घरात आपली बोली बोलणारी. अंकल अजूनही डिसेंबरात आमच्यासाठी सुकेळी आणतात. वसईचे संत गोन्सालो गार्सिया 1597 साली जपानमध्ये नागासाकीला क्रुसावर मारले गेले, हे त्यांनी मला इतक्या वेळा सांगितलंय की ते त्यांच्याच आळीतले असावेत असं वाटतं.

मामांचं दार अमेरिकन मराठी मिशनचं. हे लोक 1813 साली मुंबईत आले आणि 1831 साली अहमदनगरला, म्हणजे आताच्या अहिल्यानगरला, त्यांनी ठाणं मांडलं. शाळा, छापखाना, दवाखाना. 'ज्ञानोदय' हे त्यांचं पत्र 1842 साली नगरहूनच सुरू झालं. गावकुसाबाहेरच्या माणसांना त्यांनी अक्षरओळख दिली. रेव्हरंड नारायण वामन टिळक 1895 साली ख्रिस्ती झाले ते याच मिशनच्या परंपरेत. लक्ष्मीबाईंची 'स्मृतिचित्रे' मराठीत कोणी वाचली नाहीत? अंकलनीसुद्धा शाळेत धडा म्हणून वाचली होती. मी विचारलं, "लक्ष्मीबाई कोण, कॅथलिक की प्रॉटेस्टंट?" ते थांबले. "तसा विचारच नाही केला कधी. आपल्याच वाटल्या."

आणि मामांच्या घरी फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचं 'सुबोध बायबल' आहे. दिब्रिटो वसईचे कॅथलिक धर्मगुरू, 2020 साली उस्मानाबादच्या मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष. मामा म्हणतात, "भाषा लई गोड आहे त्यांची." मग थोडं थांबून, "बाकीचं आम्ही सोडून देतो." बाकीचं म्हणजे कॅथलिक बायबलमध्ये असलेले जास्तीचे ग्रंथ. कॅथलिकांचे 73, प्रॉटेस्टंटांचे 66. फरक सगळा जुन्या करारातला आहे. नवा करार, ज्यात येशूची गोष्ट आहे, तो दोघांचा सत्तावीस ग्रंथांचाच.

भांडण कुठून आलं हेही पाहिलं. जर्मनीत मार्टिन लूथर या संन्यासी प्राध्यापकानं 1517 साली चर्चच्या काही व्यवहारांवर बोट ठेवलं. पापाच्या शिक्षेत सूट देणारी पत्रं पैसे घेऊन दिली जात होती, तिथून विषय निघाला आणि मुळापर्यंत गेला. माणूस देवासमोर निर्दोष कशानं ठरतो? लूथर म्हणाला, फक्त श्रद्धेनं, फक्त कृपेनं. रोमनं ट्रेंटच्या परिषदेत, जी 1545 ते 1563 अशी रखडत चालली, उत्तर दिलं की कृपा आधी, हे खरंच, पण माणसाची साथ आणि त्याची कृत्यं अशी झटकून टाकता येत नाहीत. पुढं या वादात राजे उतरले, आणि राजे उतरले की वाद धर्माचा राहत नाही. पॅरिसमध्ये 1572 साली प्रॉटेस्टंटांची कत्तल झाली. जर्मन मुलुखात 1618 पासून तीस वर्षं युद्ध चाललं. इंग्लंडमध्ये उलट प्रकार, तिथं कॅथलिक धर्मगुरूंना फाशी.

याच इंग्लंडमधून थॉमस स्टीफन्स नावाचा तरुण रोमला गेला, जेझुइट झाला आणि 1579 साली गोव्यात उतरला. त्याचं 'क्रिस्तपुराण' 1616 साली छापलं गेलं, मराठी ओव्यांत. आपल्या भाषेचं कौतुक करणारा तो इंग्रज पाद्री आपल्याला माहीत असतो. पण त्याच्या देशात त्या काळी त्याला उघडपणे पाद्री म्हणून जगता आलं नसतं, हे माझ्या ध्यानात नव्हतं. मराठीतला हा ग्रंथ एका अर्थी त्या भांडणाच्या पोटातूनच आला.

हे भांडण आपल्या मातीत आयात झालेलं आहे, हे इथल्या माणसांनाही जाणवलं होतं. पंडिता रमाबाईंनी 1883 साली इंग्लंडमध्ये अँग्लिकन चर्चमध्ये बाप्तिस्मा घेतला. पुढे ख्रिस्ती देशांत जे अनेक पंथ त्यांना दिसले त्यानं त्या गोंधळून गेल्या, आणि आपल्या नंतरच्या लेखनात त्यांनी ते लपवलं नाही. ज्या बाईनं शास्त्रं पाठ असूनही घरच्या शास्त्र्यांना प्रश्न विचारले, ती विलायतेतल्या धर्मभगिनींचं तरी मुकाट्यानं कशी ऐकेल? टिळकांनी शेवटच्या काळात, 1917 साली, मिशनची नोकरी सोडली आणि 'देवाचा दरबार' उभा केला. त्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेलेही ख्रिस्तभक्त एकत्र यावेत अशी त्यांची कल्पना होती. दोनच वर्षांत ते गेले. आणि प्रॉटेस्टंटांमधली निदान सहा वेगवेगळी चर्चेस 29 नोव्हेंबर 1970 रोजी आपल्याच नागपूरला एकत्र आली आणि चर्च ऑफ नॉर्थ इंडिया तयार झालं. मामांचं चर्च आज त्यातच आहे. लहान मुलांना बाप्तिस्मा देणारे आणि फक्त मोठ्यांना देणारे, दोघांनी एका छपराखाली राहायचं कबूल केलं. हे मला मोठं वाटतं. आपल्याकडे चंद्र कुठल्या दिवशी दिसला यावरून एका गल्लीत दोन ईद झालेल्या मी पाहिल्या आहेत.

आता आमच्या घरची गोष्ट सांगतो, कारण तिच्याशिवाय हे सगळं लिहायला मी बसलोच नसतो.

अब्बा आणि चाचा दोघे सख्खे भाऊ. कराडजवळच्या गावातून दोघे एकाच दिवशी मुंबईला आले. एका खोलीत राहिले, एका गाळ्यावर काम केलं. अब्बा दर्ग्यावर जाणारे, मिलादला उभं राहून सलाम पढणारे, गुरुवारी फातिहा देणारे. चाचा पस्तिशीत तबलीगच्या जमातबरोबर चाळीस दिवस फिरून आले आणि बदलले. फातिहा बंद, दर्गा बंद. मसलक वेगळं झालं. वाचकांपैकी जे मुसलमान नाहीत त्यांच्यासाठी सांगतो: बरेलवी आणि देवबंदी हे दोन्ही सुन्नी, दोन्ही हनफी. नमाजेत हात कुठे बांधायचे इथपासून वारसाहक्कापर्यंत दोघांचा फिकह एकच. दोन्ही नावं उत्तर प्रदेशातल्या दोन गावांवरून आली. वाद आहे तो पैगंबरांच्या सन्मानाबद्दल कुणी काय लिहिलं, औलियांकडे मागणं मागायचं की नाही, याबद्दल. म्हणजे अंकल आणि मामांचा मरियेवरून जो वाद आहे त्याच्या अगदी जवळचा.

आणि या वादातून जे निघालं ते असं की अब्बा चाचांच्या मशिदीतल्या इमामामागे नमाज पढत नसत आणि चाचा अब्बांच्या. पेरूच्या क्रेटचा हिशेब एकत्र, नमाज वेगळी. पस्तीस वर्षं.

अब्बा गेले त्याला आता पाच वर्षं होतील. मय्यत गावी नेली. मशिदीबाहेर जनाजा ठेवला. जनाजाची नमाज कुणी पढवावी यात मय्यतीच्या वलीला, म्हणजे जवळच्या वारसाला, विचारायची रीत आहे. मी एकुलता एक मुलगा. इमामसाहेबांनी माझ्याकडे पाहिलं. चाचा तिथेच होते. सत्तरी ओलांडलेले, रात्रभर रडून डोळे सुजलेले. मला म्हणता आलं असतं, "माझे चाचा पढवतील." निदान एवढं तरी म्हणता आलं असतं की मीच पढवतो, म्हणजे दोघांनाही मागे उभं राहता आलं असतं. मी गर्दीकडे पाहिलं. कोण निघून जाईल, कोण काय बोलेल, उद्या गावात काय होईल. मी मान हलवली आणि इमामसाहेब पुढे झाले.

सफा लागल्या. चाचा मागे सरकत सरकत कडुनिंबाखाली जाऊन उभे राहिले, चपला हातात घेऊन. नमाज झाली. मग ते आले, खांदा दिला, कब्रस्तानात तीन मुठी माती दिली. माझ्याशी एक शब्द वेडावाकडा बोलले नाहीत. मला त्या दिवसातलं फारसं काही आठवत नाही. त्या चपला आठवतात.

हे सगळं मनात असताना मामांच्या मुलीचं लग्न निघालं. मुलगी नर्स, मुलगा श्रीरामपूरकडचा, कॅथलिक. नगर जिल्ह्यात हे होतं. अमेरिकन मिशननंतर एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जेझुइट फादरही त्या भागात आले. एकाच वस्तीतलं एक घर या मिशनकडे, दुसरं त्या मिशनकडे. मूळ जात एक, चर्च दोन. हरेगावला मतमाउलीची यात्रा सप्टेंबरात भरते, हजारो लोक जातात, हिंदूही जातात. मामांच्या घरचं मात्र कोणी जात नसे.

जात एक असल्यामुळे सोयरीक जमली हे मामांनी मोकळेपणानं सांगितलं. मी अंकलना एकदा विचारलं, "तुमच्या घरची मुलगी नगरकडच्या घरात द्याल? घर कॅथलिक आहे समजा." अंकल बराच वेळ क्रेटमधली डाळिंबं फिरवत राहिले. मग म्हणाले, "तुम्ही बागवान लोक इतरांत देता का मुली?" हिशेब बरोबर होता. मी विषय बदलला. काही भिंतींना आपण मसलक म्हणतो, चर्च म्हणतो. प्लास्टर खरवडलं की आतली वीट जातीची निघते.

मामांना एकच धास्ती होती. "ते माझ्या पोरीला पुन्हा बाप्तिस्मा देतील. म्हणजे आम्ही इतकी वर्षं ख्रिस्ती नव्हतोच, असं होईल." ते टेम्पो घेऊन श्रीरामपूरकडे फादरना भेटायला गेले. परत आले ते वेगळेच. फादरनी फक्त त्यांच्या पाळकांकडून बाप्तिस्म्याचा दाखला मागितला होता. पाणी आणि पिता-पुत्र-पवित्र आत्मा यांचं नाव, एवढं असेल तर बाप्तिस्मा झाला, तो एकदाच होतो, पुन्हा देता येत नाही. कॅथलिक मुलाला बिशपांची परवानगी काढावी लागली आणि मुलांना कॅथलिक म्हणून वाढवायचा शक्य तो प्रयत्न करीन असं वचन द्यावं लागलं. मुलीकडून वचन घेतलं नाही, फक्त तिला याची कल्पना दिली. मामा म्हणाले, "म्हणजे ते आम्हाला ख्रिस्ती मानतात तर! मला साठ वर्षांत कोणी सांगितलं नाही हो."

त्यांना कोणी सांगितलं नाही, पण कागदावर ते फार आधीपासून आहे. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनं 1964 साली प्रॉटेस्टंटांना विभक्त झालेले बंधू म्हटलं आणि बाप्तिस्म्यामुळे त्यांचं नातं, अपुरं का होईना, शाबूत आहे असं सांगितलं. ज्या प्रश्नावरून लूथरचं भांडण पेटलं, त्यावर 31 ऑक्टोबर 1999 रोजी जर्मनीतल्या आउग्सबुर्गमध्ये कॅथलिक चर्च आणि लूथरन महासंघानं संयुक्त निवेदनावर सह्या केल्या. माणूस कृपेनंच तरतो, या मूळ मुद्द्यावर आमचं एकमत आहे, आणि जुने एकमेकांवरचे निषेध आजच्या या शिकवणीला लागू होत नाहीत, असा त्याचा मथितार्थ. अर्थात सगळं मिटलं असं नाही. पुढच्याच वर्षी, 2000 साली, रोमहून निघालेल्या एका दस्तऐवजानं प्रॉटेस्टंट संस्थांना खऱ्या अर्थानं चर्च म्हणता येत नाही असं लिहिलं आणि बरीच मनं दुखावली. आणि मिस्सामधला प्रसाद एरवी प्रॉटेस्टंटांना दिला जात नाही. उलट बाजूलाही असे गट आहेत जे कॅथलिकांना तर सोडाच, मामांनासुद्धा तारण न झालेले समजतात आणि मोठेपणी पुन्हा बाप्तिस्मा घ्यायला लावतात. मामांचा एक पुतण्या तिकडेच गेलाय. अंकल ज्यांना "शेडवाले" म्हणतात ते हे. मामा आणि ते एकच, असं अंकलना इतकी वर्षं वाटत होतं.

आपल्याकडेही कागद आहेत. जॉर्डनच्या राजानं 2004 साली अम्मान संदेश काढला, आणि पुढच्या वर्षी पन्नासहून अधिक देशांतल्या सुमारे दोनशे आलिमांनी एकत्र येऊन ठरवलं की सुन्नींचे चार, शियांचे दोन, इबादी आणि जाहिरी असे आठही मजहब मानणारे मुसलमानच आहेत, त्यांना काफिर ठरवता येणार नाही. कडुनिंबाखाली उभ्या असलेल्या माणसापर्यंत असा कागद आपोआप पोचत नाही. तो कुणीतरी हातानं न्यावा लागतो.

लग्नाच्या आधी फादरनी मामांना आणखी एक गोष्ट सांगितली होती. म्हणाले, लग्नात मिस्सा करू नये असं मला वाटतं. वचनपाठ, प्रार्थना, विवाहविधी आणि आशीर्वाद एवढंच करू. मिस्सा केला की प्रसादाच्या वेळी अर्धी माणसं उठून रांगेत जातील आणि अर्धी बाकावर बसून राहतील. त्या दिवशी तरी कोणी बसून राहायला नको. तुमच्या पाळकांनाही बोलवा, एक वाचन ते करतील.

जानेवारीच्या शेवटी लग्न झालं. आम्ही गाळ्यावरचे चौघे गेलो होतो. अंकलही आले, वसईहून पहाटे निघून, सुकेळीचा डबा घेऊन. मामांचा थोरला भाऊ मूर्ती असलेल्या चर्चमध्ये पाऊल टाकणार नाही म्हणून बाहेर मोटरसायकलवर बसून राहिला, जेवायला मात्र पहिल्या पंगतीला होता. आत पाळक आणि फादर शेजारी उभे. पाळकांनी बायबलमधला उतारा वाचला. मग सगळ्यांनी उभं राहून एक भजन म्हटलं, आणि ते दोन्हीकडच्या लोकांना पाठ होतं. मी मागच्या बाकावर बसून पाहत होतो. माझ्या एका बाजूला अंकल होते, पलीकडे मामांचे नातेवाईक. अंकलनी वाकून मला विचारलं, "हे सगळे पण 'आमच्या स्वर्गातील बापा' अस्संच म्हणतात होय?" मी काय सांगणार? पण नंतर मामांकडून कळलं की इ.स. 325 च्या निकियाच्या परिषदेतून आलेला विश्वासाचा जाहीरनामाही दोघांचा एकच आहे.

परतताना टेम्पोत मी गप्प होतो. त्या फादरनी काही मोठा पराक्रम केला नव्हता. नियम मोडला नव्हता, आपली श्रद्धा सोडली नव्हती, मामांना सोडायला लावली नव्हती. त्यांचा प्रसाद त्यांच्यासाठी अजूनही प्रसादच आहे आणि मामांसाठी मरिया अजूनही फक्त येशूची आई. फादरनी एवढंच पाहिलं की कोण बसून राहील. आणि नियमाच्या आतच एक जागा शोधली जिथं कोणी बसून राहणार नाही. माझ्याकडे त्या दिवशी तशीच जागा होती. वलीचा हक्क होता. मी ती जागा वापरली नाही, कारण मला गर्दी दिसली, चाचा दिसले नाहीत.

रमजानच्या आधी मी गावी गेलो. मामांनी दिलेली डाळिंबं घेऊन चाचांकडे गेलो. चाची दाणे सोलत बसल्या. मी म्हणालो, "चाचा, त्या दिवशी मी तुम्हाला विचारायला हवं होतं. मी भ्यालो."

चाचा काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "लिंबाखाली उभा राहून मी पढली होती रे. चार तकबीर."

मी विचारलं, "इमामच्या मागे?"

"ते अल्लाहला ठाऊक," म्हणाले, आणि दाण्यांची वाटी माझ्याकडे सरकवली.

चाचा आता सत्त्याहत्तर वर्षांचे आहेत. अल्लाह त्यांना उदंड आयुष्य देवो. पण वेळ कुणाची सांगून येत नाही, आणि त्यांची वेळ येईल तेव्हा नमाज त्यांच्या मशिदीचे इमाम पढवतील. आमच्या मशिदीतले लोक मागे सरकतील, काही कडुनिंबाखाली जातील. माझ्यावर अब्बांचे संस्कार आहेत; मी आजही गुरुवारी फातिहा देतो आणि देत राहीन. पण त्या दिवशी मी कुठे उभा असेन हे मी माझ्या बायकोला, मुलाला आणि आमच्या इमामसाहेबांनाही आताच सांगून ठेवलंय. पहिल्या सफेत.